गाडीच्या मायलेजवरून आलेख आणि सामग्रीचे विश्लेषण कसे शिकवावे

आठवी-नववीच्या वर्गात सांख्यिकी शिकवताना पाठ्यपुस्तकातील तयार तक्त्यावरून आलेख काढून घेतला की विद्यार्थ्यांचा हात बसतो, परंतु त्या आलेखाला प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागत नाही, कारण तक्त्यातील आकडे कोठून आले आणि ते कितपत खरे आहेत याच्याशी त्यांचा संबंधच आलेला नसतो. ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांना ही उणीव भरून काढण्यासाठी एक विषय अगदी दाराशी उभा आहे, तो म्हणजे गाडीचे मायलेज. घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहती असोत किंवा ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ येथील सोसायट्या असोत, अनेक घरांत स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा किंवा कार असते आणि "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न मुलांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. आठवड्याला एक तासिका याप्रमाणे साधारण दोन महिन्यांत करता येईल असा हा उपक्रम येथे सविस्तर मांडला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट वर्गात स्पष्ट करावी. मायलेज कोणी थेट मोजत नाही. मोजले जाते ते कापलेले अंतर आणि भरलेले इंधन, आणि मायलेज हा या दोन मोजमापांचा भागाकार असतो. भागाकार केला की मूळचे दोन्ही आकडे दृष्टीआड होतात आणि पुढच्या बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवावा की नोंदवहीत किलोमीटर आणि लीटर लिहायचे, आणि मायलेज काढायचे ते नंतर, वेगळ्या रकान्यात. हा नियम दिसायला किरकोळ असला तरी संपूर्ण उपक्रमाचा भार त्यावर आहे.

नोंदी कशा घ्याव्यात

टाकी फुल करण्याची पद्धत सर्वांत विश्वसनीय. एकदा टाकी फुल करून ओडोमीटरचा आकडा टिपायचा. गाडी नेहमीप्रमाणे वापरायची. पुन्हा टाकी फुल करताना या वेळी किती लीटर पेट्रोल गेले ते पावतीवरून लिहायचे आणि ओडोमीटरचा नवा आकडा घ्यायचा. दुसऱ्या वेळी गेलेले पेट्रोल म्हणजे मधल्या अंतरासाठी खर्च झालेले पेट्रोल. पहिल्या वेळी किती भरले याला हिशेबात स्थान नाही, आणि हे विद्यार्थ्यांना पटवायला थोडा वेळ लागतो; तेव्हा फळ्यावर टाकीचे चित्र काढून समजावावे. मध्येच कोणी थोडेसे पेट्रोल भरले तर नोंद वाया जात नाही, तेही लीटर पुढच्या फुल टाकीच्या लीटरमध्ये मिळवायचे.

आपल्याकडे पुष्कळ जण लीटरवर पेट्रोल घेत नाहीत, दोनशे किंवा पाचशे रुपयांचे घेतात. अशा घरांतील मुले रुपयांना दराने भागून लीटर काढतात, पण दर कोणत्या दिवशीचा घेतला हे पाहणे आवश्यक असते. जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज ठरवण्याची पद्धत लागू झाली आहे, शिवाय ठाण्याचा आणि नवी मुंबईचा दर नेमका सारखा असेलच असे नाही. त्यामुळे पावतीवर छापलेले लीटरच घ्यावेत, आणि पावती मागून घेण्याची सवय घरच्यांना लावण्याचे काम मुलांकडे सोपवावे.

वर्गात ज्यांच्या घरी गाडी नाही अशी मुले असतातच. चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक गाडी दिली, तर कोणालाही उणेपणा वाटत नाही आणि नोंदींची परस्पर तपासणीही होते. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील रिक्षा चालवत असतील तर त्या गटाचे भाग्यच म्हणावे, कारण रोजच्या कमाईचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला इंधनाचा खर्च नेमका ठाऊक असतो. मात्र आपल्या भागातील रिक्षा बहुधा सीएनजीवर चालतात, आणि सीएनजी किलोग्रॅममध्ये विकला जातो. एक किलो सीएनजीमध्ये एक लीटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे किलोमीटर प्रति किलो आणि किलोमीटर प्रति लीटर हे आकडे एकाच अक्षावर मांडणे चूक आहे. निरनिराळ्या इंधनांची तुलना करायची झाल्यास 'एका किलोमीटरला किती रुपये' हे एकक घ्यावे. विजेवर चालणारी स्कूटर असेल तर चार्जिंगला लागलेले युनिट आणि विजेचा दर यांवरून तीही याच तुलनेत बसते.

गाडीचा नंबर, पावतीवरील मोबाइल क्रमांक किंवा आरसी बुकाचे छायाचित्र वर्गात आणू देऊ नये. आपल्याला हवे आहेत ते आकडे, गाडीच्या मालकाची ओळख नव्हे.

एक नमुना नोंद

खाली दिलेले आकडे वर्गात सरावासाठी तयार केलेले आहेत. घोडबंदर रस्त्यावरून रोज ठाणे स्टेशनपर्यंत ये-जा करणारी एक स्कूटर कल्पून ते घेतले आहेत. पहिल्यांदा टाकी फुल केली तेव्हा ओडोमीटर ८,२१० होता.

| ओडोमीटर | अंतर (किमी) | पेट्रोल (लीटर) | मायलेज (किमी/लीटर) |
|---|---|---|---|
| ८,४०२ | १९२ | ४.१ | ४६.८ |
| ८,५८५ | १८३ | ४.३ | ४२.६ |
| ८,७९० | २०५ | ४.२ | ४८.८ |
| ८,९६१ | १७१ | ४.५ | ३८.० |
| ९,१६६ | २०५ | ४.४ | ४६.६ |

विद्यार्थ्यांच्या हाती हा तक्ता दिला की ते प्रथम शेवटच्या रकान्याचा स्तंभालेख काढतात आणि चौथ्या ओळीकडे बोट दाखवून म्हणतात की त्या आठवड्यात पाऊस असेल, किंवा माजिवड्याला गाड्या अडकल्या असतील. कारण शोधण्याची ही ओढ चांगली आहे, पण तिला थोडे थोपवून धरावे आणि आधी एक प्रश्न विचारावा: टाकी खरोखर तितकीच फुल झाली होती का?

पंपावरचे नोझल आपोआप बंद होते तेव्हा टाकीतली पातळी दर वेळी तंतोतंत तीच नसते. गाडी स्टँडवर कशी उभी होती, पेट्रोल किती जोरात सोडले, कर्मचाऱ्याने वरून आणखी थोडे घातले का, यावर ती अवलंबून असते. समजा यात ०.२ लीटरचा फरक पडू शकतो. चार लीटरच्या नोंदीत ०.२ लीटर म्हणजे पाच टक्के. पहिल्या ओळीत ४.१ ऐवजी ४.३ लीटर धरले तर मायलेज ४६.८ वरून ४४.७ वर येते. याचा अर्थ ४६.८ आणि ४६.६ या दोन आकड्यांतील फरकाला काहीही किंमत नाही, आणि ४६.८ व ४२.६ यांतील फरकाबद्दलही जपूनच बोलावे लागेल.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. एका खेपेस टाकी थोडी कमी भरली गेली तर त्या ओळीचे मायलेज फुगते, आणि राहिलेली तूट पुढच्या खेपेस भरून निघत असल्याने पुढच्या ओळीचे मायलेज तितकेच दबते. तक्त्यात सर्वांत मोठा आकडा ४८.८ आहे आणि त्याच्या लगेच खाली सर्वांत लहान ३८.० आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे आणि त्या दोन ओळी एकत्र करायला सांगावे. अंतर ३७६ किलोमीटर, पेट्रोल ८.७ लीटर, म्हणजे ४३.२. एवढी जवळ जवळ येणारी टोके एकत्र करताच निवळली, तेव्हा पावसाला दोष देण्याची घाई बरी नव्हती. तरीही तिसऱ्या ओळीत ०.२ लीटर वाढवून आणि चौथ्या ओळीत तितकेच कमी करून पाहिले तर आकडे ४६.६ आणि ३९.८ येतात, म्हणजे भरण्यातील चूक मान्य करूनही चौथी खेप उणीच ठरते. आता मात्र कारण शोधायला हरकत नाही. रस्त्यावरची कोंडी, मागे बसलेला माणूस, चाकातली हवा, पाऊस, यांपैकी काय होते हे घरी विचारून यायचे आणि पुढच्या नोंदीपासून 'शेरा' असा पाचवा रकाना ठेवायचा. माझ्या मते या एका तासिकेत विद्यार्थी मोजमापातील त्रुटीविषयी जेवढे शिकतात तेवढे अन्य कोठेही शिकत नाहीत, म्हणून येथे घाई करू नये.

संचित आलेख

आता आलेख कागद घ्यावा. क्ष-अक्षावर पहिल्या दिवसापासून लागलेले एकूण लीटर आणि य-अक्षावर एकूण किलोमीटर घ्यावेत. प्रमाण क्ष-अक्षावर १ सेमी = २ लीटर आणि य-अक्षावर १ सेमी = ५० किलोमीटर असे ठेवले तर आपला नमुना एका कागदात मावतो. बिंदू येतात ते असे: (०, ०), (४.१, १९२), (८.४, ३७५), (१२.६, ५८०), (१७.१, ७५१) आणि (२१.५, ९५६).

हे बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एका रेषेच्या आसपास पडतात. पारदर्शक पट्टी ठेवून, बिंदू दोन्ही बाजूंना सारखे राहतील अशी रेषा मुलांनी डोळ्यांच्या अंदाजाने ओढावी. त्या रेषेचा चढ, म्हणजे उभी वाढ भागिले आडवी वाढ, हेच मायलेज. नमुन्यात ते ९५६ ÷ २१.५, म्हणजे सुमारे ४४.५ येते. चढ ही कल्पना पुस्तकात य वजा य भागिले क्ष वजा क्ष अशी येते तेव्हा ती कोरडी वाटते. येथे तिला किलोमीटर प्रति लीटर हे एकक आहे आणि घरातल्या गाडीशी तिचे नाते आहे. समचलनाचे उदाहरण म्हणूनही हाच आलेख पुन्हा वापरता येतो.

या आलेखाचा मोठा गुण असा की एका खेपेतील ०.२ लीटरची चूक पुढे साचत जात नाही. एकवीस लीटरच्या बेरजेत ती एका टक्क्याच्या आसपास उरते. नोंदी जितक्या वाढतील तितकी रेषा स्थिर होत जाते, आणि गाडीची सर्व्हिसिंग केल्यावर किंवा टायर बदलल्यावर खरोखरच फरक पडला असेल तर रेषेला त्या ठिकाणी वाक आलेला दिसतो आणि तो पुढेही टिकतो. एखादाच बिंदू खाली गेला आणि पुढचा परत रेषेवर आला, तर तो फरक भरण्यातला असण्याची शक्यता अधिक.

सरासरीची सरासरी

तक्त्यातील पाच मायलेजांचा मध्य काढला तर ४४.६ येतो आणि एकूण अंतराला एकूण लीटरने भागले तर ४४.५. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी असल्याने विद्यार्थ्यांना कोणतीही रीत चालेल असे वाटते. प्रत्येक खेपेला जवळपास सारखेच पेट्रोल लागले म्हणून ती जुळली. जेथे ती जुळत नाहीत असे उदाहरण लगेच द्यावे. एक मोटारसायकल वर्दळीतून ६० किलोमीटर जाताना २० चे मायलेज देते आणि मोकळ्या रस्त्याने तेच ६० किलोमीटर परत येताना ३० चे. बहुतेक हात २५ साठी वर होतात. जाताना ३ लीटर लागले, येताना २ लीटर. १२० किलोमीटरला ५ लीटर, म्हणजे २४. कमी मायलेजच्या प्रवासात पेट्रोल अधिक जळते, त्यामुळे त्याचे वजनही अधिक असते. वहीत फक्त २० आणि ३० लिहिले असते तर हे उत्तर काढायला आवश्यक असलेली माहितीच हाती राहिली नसती. म्हणूनच पहिल्या दिवशीचा तो नियम.

मध्यक आणि विस्तार याच तक्त्यावरून काढून घ्यावेत. मध्यक ४६.६ आणि विस्तार १०.८ येतो. एका टोकाच्या नोंदीमुळे मध्य खाली ओढला जातो आणि मध्यक जागेवर राहतो, एवढे सांगून पुढे जावे.

आलेख उलटा करून पाहणे

वरच्या आलेखात दोन अक्षांची अदलाबदल केली तर चढ लीटर प्रति किलोमीटर असा मिळतो. युरोपातील बहुतेक देशांत इंधनाचा वापर '१०० किलोमीटरला किती लीटर' असाच सांगतात, आणि ही रीत वर्गात अवश्य आणावी, कारण आपल्या किलोमीटर प्रति लीटर या एककात एक फसवा भाग दडलेला आहे.

प्रश्न असा द्यावा. एका घरातील कार लीटरला १० किलोमीटर जाते आणि स्कूटर ४०. दोन्ही महिन्याला १,००० किलोमीटर चालतात. कारचे मायलेज १२ झाले तर पेट्रोल अधिक वाचेल, की स्कूटरचे ५० झाले तर? दहाची वाढ दोनच्या वाढीपेक्षा मोठी दिसते. कारला आधी १०० लीटर लागत होते, आता सुमारे ८३.३ लागतील, म्हणजे जवळजवळ १७ लीटर वाचले. स्कूटरचे २५ लीटर होते ते २० झाले, वाचले ५. यानंतर क्ष-अक्षावर मायलेज ५ पासून ६० पर्यंत आणि य-अक्षावर १,००० किलोमीटरला लागणारे लीटर घेऊन वक्र काढून घ्यावा. डावीकडे तो वेगाने घसरतो आणि उजवीकडे जवळजवळ सपाट होतो. व्यस्त चलनाचा हा वक्र मुलांनी स्वतः बिंदू काढून घडवला पाहिजे. फळ्यावर तयार काढून दाखवला तर त्यातील नवल निघून जाते.

लीटर हाती असले की विज्ञानाच्या शिक्षकांनाही सोबत घेता येते. एक लीटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते, पण ते जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण कार्बनला जोडला जाणारा ऑक्सिजन हवेतून येतो. त्या घरातील दोन गाड्यांच्या बचतीचे रूपांतर या आकड्याने करून पाहावे.

सगळ्या गाड्या एका कागदावर

सर्व गटांच्या नोंदी जमल्या की स्कॅटर प्लॉट काढता येतो. क्ष-अक्षावर गाडीचे वजन आणि य-अक्षावर तिचे एकूण मायलेज. वजन आरसी बुकात भाररहित वजन म्हणून दिलेले असते. प्रत्येक गाडीचा एक बिंदू. येथे पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्याच घ्याव्यात. कागदावर दोन वेगळे पुंजके दिसतील, एक दुचाकींचा आणि एक कारचा, आणि त्या दोन्हींतून एकच रेषा ओढण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. तो आवरायला शिकवावे. पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेबद्दल आपल्याकडे एकही नोंद नसते, आणि दुचाकींच्या पुंजक्यात वजन आणि मायलेज यांचे नाते कारसारखे असेलच असे नाही.

वर्गातील दहा-बारा बिंदू अपुरे वाटले तर तुलनेसाठी एक प्रसिद्ध सामग्री घ्यावी. अमेरिकेतील 'मोटर ट्रेंड' मासिकाच्या १९७४ सालच्या अंकातून घेतलेली ३२ मोटारींची माहिती 'आर' या संगणकभाषेबरोबर 'एमटीकार्स' या नावाने मोफत मिळते. त्यातील मायलेज मैल प्रति गॅलनमध्ये आणि वजन हजार पौंडांमध्ये आहे. मैल प्रति गॅलनला ०.४२५ ने गुणले की किलोमीटर प्रति लीटर मिळते. सर्वाधिक मायलेज टोयोटा कोरोलाचे, ३३.९, म्हणजे आपल्या एककात १४.४, आणि वजन सुमारे ८३० किलो. लिंकन कॉन्टिनेंटलचे मायलेज १०.४, म्हणजे ४.४, आणि वजन सुमारे २,४६० किलो. वजन आणि मायलेज यांतील सहसंबंध गुणक, म्हणजे दोन राशींचे नाते किती घट्ट आहे हे उणे १ ते १ या मर्यादेत सांगणारा आकडा, उणे ०.८७ येतो. शाळेत गुणक काढण्याची आवश्यकता नाही, परंतु बिंदूंचा उतरता कल पाहून 'वजन वाढले की मायलेज घटते' असे म्हणताना त्या जड मोटारींची इंजिनेही मोठी होती, मग कारण नेमके कोणते, हा प्रश्न उभा राहिला पाहिजे.

रस्त्यांच्या तुलनेतही हीच अडचण येते. पाम बीच मार्गाने वाशीहून बेलापूरला जाणाऱ्या स्कूटरचे मायलेज घोडबंदर रस्त्यावरच्या स्कूटरपेक्षा चांगले आले, तर मुले श्रेय रस्त्याला देतील. पण स्कूटर वेगळी, चालवणारा वेगळा, टाकी अर्धी कामाच्या वाटेवर आणि अर्धी बाजारहाटात संपलेली. रस्त्याचा परिणाम पाहायचा तर तीच गाडी आणि तोच चालक हवा. वेग आणि मायलेज यांचा आलेख मात्र प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायला कोणालाही सांगू नये. तो विचारानेच काढावा. सिग्नलला इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या गाडीचे त्या वेळचे मायलेज शून्य असते, आणि फार वेगात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मायलेज पुन्हा उतरते. एवढ्या दोन गोष्टींवरून मध्ये फुगवटा असलेला वक्र मुले स्वतः रेखाटू शकतात.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा

शेवटच्या तासिकेसाठी जोडस्तंभालेख ठेवावा: प्रत्येक कारचे जाहिरातीतील मायलेज आणि तिच्या शेजारी घरच्या नोंदीतून आलेले. जाहिरातीत बहुधा 'एआरएआय'चा उल्लेख असतो. ही पुण्यातील संस्था प्रमाणित चाचणी घेते. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवला-कमी केला जातो, आणि कारसाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या या चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. त्यामुळे तीन हात नाक्यावरच्या गर्दीतून जाणाऱ्या कारला तो आकडा गाठता आला नाही तर कोणी खोटे बोलले असे होत नाही; सर्व कारची एकाच परिस्थितीत तुलना करता यावी हा त्या चाचणीचा हेतू असतो.

स्तंभालेखात य-अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. १८ आणि २० हे स्तंभ १६ पासून काढले तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो. बिंदूंच्या आलेखात अक्षसंकोच, म्हणजे अक्षाचा शून्याजवळचा भाग गाळणे, चालतो, कारण तेथे डोळा उंचीची तुलना करत नाही. स्तंभात तो दिशाभूल करतो.

मूल्यमापन करताना आलेखाच्या नेटकेपणाला थोडे गुण ठेवावेत आणि अधिक गुण दोन उत्तरांना द्यावेत: आपल्या आलेखावरून काय सांगता येते, आणि तोच आलेख पाहून कोणी काय म्हटले तर ते मान्य करता येणार नाही. दुसऱ्या उत्तरात विद्यार्थ्याने आपल्या नोंदींतील किमान एका ओळीचे किलोमीटर आणि लीटर आधारासाठी द्यावेत, अशी अट घालावी.